मायनस २.७ : सॅन दिएगोचा लोलक आणि त्यावर झालेलं भांडण

मेटामटेरियल (तरंगलांबीपेक्षा बारीक तुकडे रचून बनवलेला कृत्रिम पदार्थ) म्हटलं की बोलणं लगेच अदृश्य करणाऱ्या आवरणावर जातं. ड्यूक विद्यापीठाचं ते २००६ चं काम भारीच आहे, वादच नाही, पण ज्याला मायक्रोवेव्ह सर्किट, सेन्सर नाहीतर अँटेनावर प्रोजेक्ट करायचंय त्याने आधी वाचावं असं प्रकरण त्याच्याही पाच वर्षं आधीचं आहे. ६ एप्रिल २००१ ला 'सायन्स'मधे तीन पानांचा एक पेपर आला, लेखक शेल्बी, स्मिथ आणि शुल्ट्झ, तिघेही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसचे, आणि दावा असा की तांब्याच्या पट्ट्या आणि रिंगा वापरून आम्ही एक लोलक बनवलाय ज्याचा अपवर्तनांक उणे आहे. वर्षभरात दोन वेगवेगळे गट उठले, एक म्हणाला असं होऊच शकत नाही, दुसरा म्हणाला होत असेलही पण तुम्ही ते दाखवलेलं नाही. २००३ मधे ते मिटलं. कसं मिटलं हा खरा मजेचा भाग आहे, आणि आज कोणी आपल्या रिपोर्टात 'निगेटिव्ह इंडेक्स' (उणे अपवर्तनांक) लिहितो तेव्हा मला हटकून तेच आठवतं.

थोडी पार्श्वभूमी लागेल. दहावीत स्नेलचा नियम शिकलो, किरण स्तंभिकेच्या एका बाजूने येतो आणि दुसऱ्या माध्यमात गेल्यावर स्तंभिका ओलांडून पलीकडे जातो, फक्त कोन बदलतो. अपवर्तनांक म्हणजे परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो तो आकडा) आणि परमिएबिलिटी (तसाच चुंबकीय क्षेत्राचा आकडा) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १९६७ मधे मॉस्कोच्या व्हिक्टर व्हेसेलागोने रशियन जर्नलमधे (इंग्रजी भाषांतर १९६८) असा प्रश्न टाकला की दोन्ही आकडे एकाच वेळी उणे असले तर? उत्तर असं निघालं की तरंग आत जातो, पण फेज (लाटेचे चढउतार) उलट्या दिशेने सरकते आणि ऊर्जा सुलट्या, आणि किरण स्तंभिका न ओलांडता आलेल्याच बाजूला वळतो. डॉप्लर परिणाम उलटा, चेरेंकॉव्ह प्रारण उलटं, सगळंच उलटं. कागदावर निर्दोष, पण असा पदार्थ निसर्गात काही सापडेना. उणी परमिटिव्हिटी धातूंमधे मिळते, उणी परमिएबिलिटी काही फेराइटमधे रेझोनन्सजवळ मिळते, दोन्ही एकत्र एकाच फ्रिक्वेन्सीला कुठेच नाही, त्यामुळे ३० वर्षं ते तसंच पडून राहिलं.

बरं, तरंगलांबीपेक्षा बारीक तुकडे रचून लाटेला फसवायची कल्पना तशी नवी नव्हती. १८९८ मधे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून मायक्रोवेव्हच्या ध्रुवणाची दिशा फिरवून दाखवली होती. पण मुद्दाम ठरवून हवा तो आकडा पदार्थाला द्यायचा हे काम लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या जॉन पेंड्री आणि मार्कोनी कंपनीच्या मंडळींनी केलं. १९९६ मधे त्यांनी दाखवलं की बारीक तारांची जाळी केली तर तिची प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झवर खाली येते आणि तिच्या खाली परमिटिव्हिटी उणी होते. १९९९ मधे दुसरी चीज, स्प्लिट रिंग रेझोनेटर. एकात एक दोन तांब्याच्या रिंगा, दोघींना एकेक काप, काप समोरासमोरच्या बाजूंना. रिंग म्हणजे इंडक्टर, काप आणि दोन रिंगांमधली फट म्हणजे कपॅसिटर, चुंबकीय क्षेत्र रिंगेतून गेलं की करंट फिरतो आणि रेझोनन्सच्या जरा वर तो करंट क्षेत्राला इतका विरोध करतो की परिणामी परमिएबिलिटी शून्याखाली जाते. तांब्याला चुंबकत्वाशी काही देणंघेणं नसताना नुसत्या आकारामुळे हे होतं, हे मला अजूनही ग्रेट वाटतं.

सॅन दिएगोच्या लोकांनी या दोन चिजा एकत्र केल्या. २००० सालच्या त्यांच्या पहिल्या पेपरात लोलक वगैरे नाही, नुसतं ट्रान्समिशन आहे. फक्त रिंगा ठेवल्या की रेझोनन्सच्या पट्ट्यात सिग्नल अडतो. फक्त तारा ठेवल्या तरी अडतो. दोन्ही एकत्र ठेवल्या तर जिथे दोघांनीही अडवायला हवं तिथेच सिग्नल पार होतो. कारण एक आकडा उणा असला तर गुणाकार उणा, वर्गमूळ काल्पनिक, लाट आत शिरल्या शिरल्या मरते. दोन्ही उणे असले की गुणाकार अधिक, वर्गमूळ वास्तव, लाट जाते.

पण इथेच गोची आहे. गुणाकार अधिक झाला हे कळलं, वर्गमूळ अधिक घ्यायचं की उणं ते नुसत्या ट्रान्समिशनच्या ग्राफवरून कळत नाही. पास-बँड (सिग्नल पार होणारा पट्टा) दिसला म्हणजे उणे अपवर्तनांक सिद्ध झाला असं नाही, एवढंच कळतं की तो वास्तव आहे. चिन्ह बघायचं तर लाट तिरकी बाहेर काढून ती कोणत्या बाजूला वळते ते बघायला लागणार. म्हणून लोलक.

तो लोलक कसा होता ते नीट बघण्यासारखं आहे. ०.२५ मिमी जाडीचा जी-१० फायबरग्लास बोर्ड, एका बाजूला कोरलेली रिंग, बाहेरची मापं २.६२ मिमी, दुसऱ्या बाजूला तांब्याची पट्टी. असे बोर्ड कापून एकमेकांत खाचांनी अडकवले, चौकटींची जाळी झाली, एक पेशी ५ मिमीची. हे सगळं एक्स बँडसाठी (८ ते १२ गिगाहर्ट्झ), म्हणजे १०.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २८.६ मिमी, रिंग तिच्या अकराव्या भागाएवढी, म्हणून लाटेला सुट्या रिंगा दिसत नाहीत, सरासरी पदार्थ दिसतो. लोलकाची तिरकी बाजू म्हणजे पायऱ्या, तीन पेशी आडवं गेलं की एक पेशी वर, म्हणून कोन १८.४३ अंश. दोन समांतर अ‍ॅल्युमिनियम प्लेटांच्या मधे हे ठेवलं, कडेला शोषक लावला, एका बाजूने सपाट लाट सोडली आणि दुसऱ्या बाजूला डिटेक्टर अर्धवर्तुळात दीड-दीड अंशाने फिरवत नेला.

आधी तशाच आकाराचा टेफ्लॉनचा लोलक ठेवला. बीम २७ अंशांवर आला. सायन २७ म्हणजे ०.४५४, सायन १८.४३ म्हणजे ०.३१६, भागाकार १.४३, त्यांनी १.४ अधिक-उणे ०.१ लिहिलं. टेफ्लॉनची परमिटिव्हिटी २.१ च्या आसपास, वर्गमूळ १.४५. म्हणजे सेटअप बरोबर मोजतोय. मग तांब्याचा लोलक ठेवला आणि १०.५ गिगाहर्ट्झला बीमचा कळस आला उणे ६१ अंशांवर, स्तंभिकेच्या चुकीच्या बाजूला. त्यावरून मायनस २.७, अधिक-उणे ०.१. आणि हे फक्त १०.२ ते १०.८ च्या अरुंद पट्ट्यात.

वाचताना पहिली शंका मला त्या पायऱ्यांची आली होती. बाहेरची बाजू गुळगुळीत नाही, मग ती डिफ्रॅक्शन ग्रेटिंगसारखी वागून बीम उलट्या बाजूला फेकत नसेल कशावरून? हा हिशोब घरी बसून करता येतो. एका पायरीची तिरकी लांबी १५.८ मिमी, तरंगलांबी २८.६, भागाकार १.८१. पहिली ऑर्डर (ग्रेटिंगने मूळ बीमच्या शेजारी फेकलेला पहिला बीम) हवेत बाहेर पडायला लोलकाचा इंडेक्स अधिक २.५५ च्या वर असायला लागतो. पाव मिमीच्या पाट्या ५ मिमी अंतराने आणि मधे सगळी हवा, असल्या सांगाड्याला एवढा अधिक इंडेक्स सहजासहजी कुठून येणार, आणि आलाच तर मूळ बीम अधिक बाजूला ५४ अंशांच्या पलीकडे दिसायला हवा. तसा काही तिथे मुख्य कळस नव्हता. ही शंका गेली.

विरोधकांच्या शंका मात्र एवढ्या स्वस्तात जाणाऱ्या नव्हत्या. आणि विरोध एवढा कडक का झाला तेही सांगायला हवं. ऑक्टोबर २००० मधे पेंड्रीने लिहून ठेवलं होतं की मायनस १ इंडेक्सची सपाट चकती केली तर ती परिपूर्ण भिंग होईल, तरंगलांबीची मर्यादा न पाळणारं. म्हणजे लोलक खरा निघाला तर पुढे ऑप्टिक्सच्या पुस्तकातला एक मोठा नियम धोक्यात. पणाला बरंच काही लागलेलं होतं.

पहिला हल्ला टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधून, मे २००२, लेखक वळंजू, वॉल्सर आणि दुसरे वळंजू (आडनाव वाचून कोकणातला वाचक जरा थबकणारच). त्यांचं म्हणणं असं : एकाच फ्रिक्वेन्सीची लाट घेतलीत तर फेजच्या रेषा उलट्या वळतात, मान्य. पण खऱ्या सिग्नलमधे नेहमी अनेक फ्रिक्वेन्सी असतात, आणि उणे इंडेक्सचा पदार्थ डिस्पर्सिव्ह (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा इंडेक्स देणारा) असल्याशिवाय असूच शकत नाही, नाहीतर त्यातली ऊर्जाच उणी निघेल. मग दोन जवळच्या फ्रिक्वेन्सी एकत्र सोडा, त्यांचे बीट्स (दोन लाटा मिसळून होणारे मोठे चढउतार) तयार होतील, त्या बीट्सच्या रेषांची दिशा काढा, ती अधिक बाजूलाच येते. आणि सिग्नल बीट्सबरोबर जातो, म्हणजे अपवर्तन कायम अधिकच. शिवाय लाट उणे बाजूला वळायची तर तिच्या एका टोकाला प्रकाशापेक्षा वेगाने पळायला लागेल, म्हणजे कार्यकारणभावच मोडेल. गणितात काही चूक नाही, बीट्सच्या रेषा खरंच तशा येतात.

उत्तर पेंड्री आणि स्मिथने दिलं, आणि ते समजायला मला बराच वेळ लागला. एसटीच्या अंगावर तिरका पट्टा रंगवलेला असतो. गाडी सरळ चाललीय, पट्टा तिरका आहे. आता कोणी त्या पट्ट्याला लंब काढून म्हणालं की गाडी त्या दिशेने चाललीय, तर ती गाडी कधी डेपोत पोचायची नाही. बीट्सच्या रेषा म्हणजे तो पट्टा. अमर्याद रुंद लाट घेतली तर गाडीच्या कडाच दिसत नाहीत, नुसता पट्टा दिसतो, आणि सरकणारा पट्टा बघून दिशा चुकीची वाचली जाते. बीमला रुंदी द्या, कडा दिसू द्या, मग कळतं की अख्खा बीम ग्रुप व्हेलॉसिटीच्या, म्हणजे ऊर्जा जाते त्या, दिशेने उणे बाजूलाच जातोय, आतल्या बीट्सच्या रेषा फक्त त्याला लंब नाहीत, तिरक्या आहेत. मार्च २००३ मधे फोटेइनोपूलू, इकॉनोमू आणि सूकूलिस यांनी फोटॉनिक क्रिस्टल (ठरावीक अंतराने तीच रचना पुन्हा पुन्हा येणारा पदार्थ) घेऊन कॉम्प्युटरवर काळानुसार लाट चालवून बघितली, तर लाट पृष्ठभागावर आल्यावर आधी तिथे काही काळ अडकते, स्वतःची मांडणी बदलते आणि मग उणे बाजूला निघते. म्हणजे लाटेच्या एका टोकाने दुसऱ्याच्या पुढे पळायला प्रकाशाचा वेग मोडायचा प्रश्नच येत नाही. कार्यकारणभावाचा जो आक्षेप होता तो इथे संपला.

दुसरा आक्षेप माझ्या मते जास्त दमदार होता, आणि तो तात्त्विक नव्हता, मापनावर होता. माद्रिदचे गार्सिया आणि निएतो-वेस्पेरिनास, तेही २००२ मधेच. पेपरचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं, उणे अपवर्तनांकाची पडताळणी झालीय का अजून? मुद्दा असा की हा पदार्थ प्रचंड लॉसी आहे, म्हणजे लाट आतच बरीचशी जिरते. लोलकाचं एक टोक पातळ, दुसरं जाड. पातळ टोकातून सिग्नल बऱ्यापैकी येतो, जाड टोकातून जवळपास काहीच नाही. म्हणजे बाहेर जे दिसतंय ते पूर्ण रुंदीचा बीम नसून एका कोपऱ्यातून झिरपलेली लाट असू शकते, आणि अशी लाट जवळून मोजली तर कळस कुठल्याही बाजूला सरकलेला दिसेल, साध्या लॉसी धातूच्या पाचरीतूनही. आता मूळ पेपरातला तो प्रसिद्ध ग्राफ काढून बघा, टेफ्लॉन आणि तांब्याचा लोलक दोन्ही वक्र असे नॉर्मलाइझ केलेत की दोघांचे कळस १ वर येतात. खाली कॅप्शनमधे ते प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे, लपवलं काही नाही, पण त्यामुळे किती पॉवर वाया गेली ते त्या चित्रात दिसतच नाही. नेमकं तिथेच विरोधकांनी बोट ठेवलं आणि बरोबर ठेवलं.

या आक्षेपाला कागदावर उत्तर देऊन भागणार नव्हतं, प्रयोगच करायला लागणार होता. तो बोइंगच्या फँटम वर्क्सने केला, पाराझोली आणि सहकारी. मला त्यांच्या कामातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी नवीन काही शोधायचा आव आणला नाही, आक्षेप घेतला आणि तो पाडायला जे लागतं तेवढंच केलं. समांतर प्लेटा काढून टाकल्या, मोकळ्या हवेत मोजलं, १२.६ ते १३.२ गिगाहर्ट्झ. आणि एकाच अंतरावर न मोजता दोन अंतरांवर, १४ तरंगलांब्या आणि २८ तरंगलांब्या, म्हणजे ३३ सेंमी आणि ६६ सेंमी. खरा वळलेला बीम असेल तर अंतर दुप्पट केल्यावरही कोन तोच राहतो, जवळच्या क्षेत्राचा खेळ असेल तर कोन सरकतो. कोन तोच राहिला. १२.६ ला इंडेक्स मायनस १.०५ आला आणि मॅक्सवेलची समीकरणं सोडवणाऱ्या सिम्युलेशनमधूनही तोच आला, सिम्युलेशन तर त्यांनी १०० तरंगलांब्यांपर्यंत नेलं. हा पेपर आणि वरचा सूकूलिसवाला पेपर एकाच अंकात पाठोपाठ छापले गेले, म्हणजे दोन्ही आक्षेपांची उत्तरं एकाच आठवड्यात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एमआयटीच्या हौक, ब्रॉक आणि च्वांग यांचा पेपर आला. त्यांनी डिटेक्टर नुसत्या एका कमानीवर न फिरवता बाहेरच्या क्षेत्राचा द्विमितीय नकाशा काढला, त्यामुळे बीम नुसता कळस म्हणून नाही तर अख्खा दिसतो, कुठून निघाला आणि कुठे चालला. आणि लोलकाचा कोन बदलून बघितला. हे महत्त्वाचं आहे, कारण स्नेलचा नियम म्हणजे एका कोनाला आलेला एक आकडा नाही, कोन बदलला तरी इंडेक्स तोच निघाला पाहिजे हा नियम आहे. लॉसमुळे सरकलेला कळस असता तर प्रत्येक लोलकाला वेगळाच इंडेक्स निघाला असता. २००३ च्या अखेरीस 'सायन्स'ने वर्षातल्या दहा मोठ्या कामांच्या यादीत हे घेतलं.

त्या लोलकाचं पुढे काय झालं म्हणाल तर उत्पादन म्हणून फारसं काही नाही. तारा-रिंगांचा ठोकळा अरुंद पट्ट्यात चालतो, लॉस जास्त, बनवायला किचकट. सर्किटवाल्यांनी वेगळीच वाट धरली, टोरोंटोचा एलेफ्थेरिआडीस आणि लॉस एंजेलिसचे कॅलोझ-इतोह यांनी मायक्रोस्ट्रिपवर (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर) सिरीजमधे कपॅसिटर आणि शंटमधे इंडक्टर टाकून तोच उलटा फेज मिळवला, रेझोनन्सवर न टेकल्यामुळे पट्टा बराच रुंद. त्यातून लहान आकाराचे कपलर, फेज शिफ्टर आणि पुढून मागे सगळ्या कोनांत फिरणाऱ्या लीकी-वेव्ह अँटेना आल्या. आणि २००४ मधे बार्सिलोनाच्या गटाने रिंगेचा निगेटिव्ह काढला, म्हणजे तांब्याची रिंग न लावता ग्राउंड प्लेनमधे रिंगेच्या आकाराची खाच कोरली. हीच ती सीएसआरआर (कॉम्प्लिमेंटरी स्प्लिट रिंग रेझोनेटर), जी आज आपल्याकडच्या एमटेकच्या निम्म्या रिपोर्टांत दिसते.

आणि इथे माझी थोडी कुरकुर आहे. पॅच अँटेनाच्या खाली एक सीएसआरआर कोरायची, एचएफएसएस नाहीतर सीएसटी या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधे एक युनिट सेल घेऊन एस-पॅरामीटर (किती सिग्नल परत आला, किती पार गेला ते आकडे) काढायचे, त्यातून परमिटिव्हिटी-परमिएबिलिटी काढायची आणि ग्राफ शून्याखाली गेला की शीर्षकात 'निगेटिव्ह इंडेक्स मेटामटेरियल अँटेना'. अहो, एक रिंग म्हणजे पदार्थ नाही, तो एक रेझोनेटर आहे. एस-पॅरामीटरवरून इंडेक्स काढायची ती पद्धत २००२ ची, त्याच स्मिथ-शुल्ट्झची मार्कोश आणि सूकूलिसबरोबरची, आणि तिच्यात कोसाइनचा व्यस्त काढताना अनेक उत्तरं येतात, त्यातलं कुठलं घ्यायचं हे जाडी बदलून तपासल्याशिवाय ठरत नाही. ज्यांनी पद्धत काढली त्यांनाही लोलक करून कोन मोजायला लागला आणि तरी लोक दोन वर्षं भांडले, आपण एका ग्राफवर भागवतो. अँटेना लहान झाली, मॅचिंग सुधारलं, तर तसं लिहा की, त्यात कमीपणा कसला.

सेन्सरमधे तर चिन्हाची गरजच पडत नाही. खाचेवर नमुना ठेवला की कपॅसिटन्स वाढतो, नॉच (सिग्नल अडतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो, किती सरकला त्यावरून परमिटिव्हिटी. तिथे प्रश्न लॉसचाच येतो, तोच माद्रिदवाल्यांचा. एफआर-४ या नेहमीच्या स्वस्त बोर्डाचा लॉस टँजंट (सिग्नल जिरण्याचं माप) ०.०२ च्या आसपास, म्हणजे नुसत्या बोर्डामुळेच क्यू (रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा) ५० च्या वर जाणं अवघड, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला नॉचची रुंदीच जवळपास ५० मेगाहर्ट्झ. त्यात ५ मेगाहर्ट्झचं सरकणं दाखवून 'अत्यंत संवेदनशील' लिहिलेलं मी वाचलंय, आणि तुलनेला टेफ्लॉनसारखा एखादा माहितीतला नमुना ठेवून मोजलेलं एकही रीडिंग नाही. तेवढं सरकणं भरवशाने वाचायचं असेल तर कमी लॉसचा बोर्ड घ्यायला लागतो, तो महाग पडतो, आणि गाईडला विचारलं की पहिला प्रश्न तोच येतो, एफआर-४ वर नाही का होणार?